फुग्यातलं पाणी

एकदा एका वृद्ध शल्यविशारदाकडे एक तरुण शिष्य विद्या शिकत होता. हात सोन्यासारखा, पण धीर म्हणाल तर काडीचा नाही!

त्यांच्याकडे केतकी नावाची मुलगी आली. जन्मापासून उजवा कान नाही, त्या जागी नुसती गाठ. मग चष्मा टिकणार कशावर? ती तो डोक्यामागून दोरीने बांधायची. बरगडीच्या मऊ हाडाचा कान घडवता येतो. पण त्यावर पांघरायला कातडी हवी, आणि ती काय बाजारात मिळते? म्हणून कानाच्या जागेमागे, कातडीखाली, सिलिकॉनचा फुगा ठेवायचा आणि दर खेपेला सुईने त्यात थोडं पाणी भरायचं. फुगा वाढतो तशी वरची कातडीही वाढते. काय युक्ती आहे बघा!

गुरूंनी केतकीला असा फुगा बसवला आणि पाणी भरायचं काम शिष्यावर सोपवलं. शिष्य हरखून गेला. दर खेपेला ठरल्यापेक्षा जरा जास्तच पाणी भरू लागला.

"ताणतंय हो," केतकी म्हणायची.

"ताणलं तरच वाढेल, बाई!"

आणि एक दिवस तिची आई तिला घेऊन धावत आली. अंगात ताप. फुग्यावरची कातडी कडेने लालबुंद, माथ्यावर पांढुरकी, हात लावला तर चटका. "डॉक्टर, आता कान नाही का व्हायचा?"

शिष्य गुरूंना बोलावून आणत म्हणाला, "सर, जंतू शिरलेत! पण कातडी जवळजवळ पुरेशी झालीय. औषध सुरू करू आणि उद्याच कान बसवून टाकू!"

"नासलेल्या जागेत बरगडी पुरणार? आण ती सिरिंज."

वृद्धाने सुई टोचली आणि भरायचं सोडून पाणी काढायलाच लागला! शिष्य ओरडला, "सर! माझी सगळी मेहनत!"

"मेहनत तुझी, कातडी तिची," म्हातारा गुरगुरला. त्याने फुग्याभोवतीचा पू तपासायला पाठवला, तिथली पोकळी धुऊन घेतली, शिरेतून औषध लावलं. मग शिष्याकडे वळला. "मूठ आवळ. अजून आवळ. पेरं पांढरी पडली ना? रक्त हटलं. औषध काय पायी चालत जातं? रक्ताबरोबरच जातं. तू कातडी इतकी ताणलीस की त्याची वाटच बंद. मग बाटल्या ओत नाहीतर अख्खी गंगा ओत! आता सैल केलीय, आता पोचेल. नाहीच पोचलं तर फुगा काढू, जखम भरू देऊ, काही महिन्यांनी पहिल्यापासून सुरू करू. कान उशिरा होईल. पण कातडी फाटली, तर कुठला कान?"

सकाळी शिष्य सगळ्यांच्या आधी खाटेशी हजर. फुग्याच्या माथ्यावरची कातडी बोटाने हलकेच दाबली, बोट उचललं, आणि पांढऱ्या डागात गुलाबी रंग भरून आला!

"आलं! सर, रक्त आलं!"

"ओरडू नकोस, पेशंट झोपलेत," म्हातारा खेकसला. पण स्वतः टाचा उंचावून बघत होता.

ताप उतरला, लाली ओसरली. मग पुन्हा पाणी भरणं सुरू झालं, हळूहळू. "ताणतंय," असं केतकी म्हणाली की शिष्याचा हात तिथेच थांबे. कान झाला. जखमा भरल्यावर केतकीने चष्मा डोळ्यांवर चढवला, दोरीशिवाय, आणि जोराने मान हलवून पाहिली.

"बसला! आई, बसला!"

मग तिने ती जुनी दोरी शिष्यापुढे धरली. "घ्या डॉक्टर, ही आता तुम्हाला. पुन्हा घाई सुटली तर हात बांधून घ्या."

म्हातारा खो-खो हसला. शिष्य हसला नाही. त्याने दोरीची घडी केली आणि सुई उचलण्याआधी हाताला लागेल अशा बेताने, कोटाच्या वरच्या खिशात ठेवली.