पैलतीरावरची सभा

पूर्वी वेत्रवन नावाच्या नगरात क्षेमंकर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. नगर रुंद नदीच्या अलीकडे होते आणि त्याचीच दोन मोठी खेडी पलीकडे. दर वर्षी सुगी आटोपली की नगरात सभा भरे. येत्या वर्षी कर किती असावा हे राजा विचारी आणि घरोघरची माणसे लाकडी शलाका टाकून आपले मत देत.

त्या नगरात नंदिका नावाची विधवा लाह्या भाजून पोट भरत असे. तिची एकुलती एक लेक उत्पला पलीकडच्या खेड्यात दिलेली होती. राजाची नाव चालू होती तोवर मायलेकींची महिन्या-पंधरा दिवसांनी भेट होई. पण दोन वर्षांपूर्वी सभेने कर कमी करून घेतला, खर्चाला पैसा पुरेना आणि नावाड्यांना घरी बसवण्यात आले. नदी पायी ओलांडता येईल अशा वरच्या उतारावरून जायचे तर जंगलातून आठ दिवसांची वाट, आणि नंदिकेचे गुडघे घाटापर्यंतच कसेबसे साथ देत. ती रोज संध्याकाळी घाटावर जाऊन बसे. पलीकडे चुलींचा धूर निघाला की त्यातला लेकीच्या घरचा कोणता, याचा अंदाज बांधे. लेकीसाठी तिचा जीव तीळतीळ तुटत असे.

त्या वर्षीही सभा भरली. कर वाढला तर नगरातले लोक नाराज होतील या धास्तीने राजाने अमात्याला आधीच सांगून ठेवले होते, की कर वाढू न देता सभा पार पाडलीस तर नदीकाठची आमराई तुझी.

धान्याचा व्यापारी धनगुप्त उठून म्हणाला, "कर आहे तोच ठेवा. नावेचं म्हणाल, तर पलीकडच्यांना तिची गरज असती तर ते इथं येऊन बोलले नसते का?"

लोकांनी माना डोलावल्या. एवढ्या शहाण्या माणसांना त्यात काही वावगे वाटले नाही, हे नवलच.

मागे बसलेल्या नंदिकेला राहवले नाही. "येतील कशातून, शेठजी? नाव तर आपणच बंद केली. मीसुद्धा. कर कमी हवा का, असं विचारलं. हवा म्हणून मीही शलाका टाकली. त्यापायी नाव जाईल हे कुणी सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही." एवढे बोलून तिने पदरात तोंड लपवले.

बोधिसत्त्व आसनावरून उठला. "ही सभा पुरी झालेली नाही. कितीतरी घरांना आपण विचारलेलंच नाही. उद्या ती पलीकडे भरेल."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "आणि आमराई?"

"ती राहू द्या, महाराज. त्याऐवजी आपली जलविहाराची नौका एक दिवस द्या."

राजा ओशाळला आणि त्याने नौका दिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच खेपेला बोधिसत्त्वाने नंदिकेला हात धरून नौकेत चढवले. राजाची नौका येताना पाहून पलीकडे लोक दाटीवाटीने जमले होते. या वेळी कर किती वाढेल आणि त्यातून काय चालेल, या दोन्ही गोष्टी त्याने समजावून सांगितल्या. तेव्हा एक तरुण बाई उभी राहिली.

"आम्ही वाढीव कर देऊ. एक वेळ कमी जेवू, पण नाव सुरू करा. माझी आई तिकडं एकटी आहे. ती आहे की गेली, एवढंही मला कळत नाही."

गर्दीच्या मागून नंदिका ओरडली, "आहे गं बाई, आहे!"

उत्पला धावत आली. तिच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. आपल्याला नात झाली हे नंदिकेला ठाऊकच नव्हते. तिने हात पुढे केले, तशी ती पोर परक्या बाईला पाहून घाबरली आणि आईच्या गळ्याला घट्ट बिलगून रडू लागली.

नगरातल्या इतरांबरोबर आलेला धनगुप्त जवळच उभा राहून हे पाहत होता. वाढीव कराची पहिली शलाका त्याने टाकली. आठवडाभरात नाव सुरू झाली, पण नंदिकेची ती दोन वर्षे कोणत्याही सभेला परत देता आली नाहीत.

ही गोष्ट सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आनंद. धनगुप्त म्हणजे या विहाराला भूमी देणारा गृहस्थ. नंदिका म्हणजे दाराशी बसलेली ही वृद्ध भिक्षुणी, आणि अमात्य मी स्वतः होतो. ज्याला येता येत नाही, त्याच्यापर्यंत जाऊन त्याचे ऐकणे, ही करुणा होय."