पथ्याचं पारायण

ए, बस आधी! हे ऐकल्याशिवाय तुला सोडणारच नाही. घडलं फार फार वर्षांपूर्वी, पण वाटतं आत्ताच शेजारी घडलंय.

एका राज्यात एक नगारची होता. रोज गडावर जाऊन नगारा वाजवायचा. हौस दांडगी, पोट त्याहून दांडगं! एकदा वाजवता वाजवता त्याला अशी धाप लागली, की टिपऱ्याच हातातून गळल्या. राजा म्हणाला, "दसऱ्याला सलग शंभर ठोके पडले नाहीत, तर नगारा दुसऱ्याकडे."

बापजाद्यांचा नगारा तो!  नगारची तडक गेला वैद्यबुवांकडे. अर्थात, गाढवावर बसून.

वैद्यबुवांनी नाडी बघितली आणि ताडपत्रावर लिहून दिलं: गोड बंद, तूप-तेल बेताचं, गड रोज पायी चढायचा.

आता गंमत बघ हं. पठ्ठ्याने ते पान लाल फडक्यात गुंडाळून पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि रोज पहाटे पारायण सुरू! शेवटापासून विचारा, घडाघडा म्हणून दाखवेल. आणि पारायण म्हटलं की प्रसाद आलाच. साजूक तुपातला शिरा, वाटी भरून! मग स्वारी गाढवावरून गडावर.

बायको म्हणाली, "अहो, हे पथ्य आहे की सत्यनारायण?"

"तुला नाही कळायचं. श्रद्धा लागते!"

महिन्याभरात धाप दुप्पट झाली. नगारची भडकला. "चल रे गाढवा, त्या वैद्याला जाब विचारू!"

गाढव जागचं हलेना. म्हणालं, "मालक, जाब कसला? पान तुम्ही वाचलंत, गड मी चढलो. शिरा तुम्ही खाल्लात, गवत मी खाल्लं. बघा बरं, दोघांत ठणठणीत कोण?"

नगारचीने गाढवाचे भक्कम पाय बघितले, मग स्वतःचं पोट. आणि इतका हसला, की ते पोट गदागदा हललं.

त्या दिवसापासून तो पायी निघाला. पहिल्याच वळणावर फतकल मारून बसला. गाढव शेजारी थांबलं. "बसा खुशाल, पण मागे फिरू नका." प्रसादाला आता मूठभर फुटाणे.

दसरा उजाडला. शंभर ठोके सलग घुमले. एकशे एकावा त्याने गाढवासाठी दिला!

बोध एवढाच: पथ्य पाठ करून गुण येत नाही, पाळून येतो.

आता खरं खरं सांग, शिऱ्याची ती गरमागरम वाटी समोर आली असती, तर तू काय केलं असतंस?