मौनाचा पुरावा

“पण याचा कान कुठाय?” दिगंबरबुवांनी वाकून विचारलं.

मठाच्या ओसरीवर सौमित्रने दिव्यांची एक माळ मांडली होती. माळेला छोटा सर्किट बोर्ड जोडलेला. सौमित्रला बुवांकडून मौनाची दीक्षा हवी होती. मागच्या खेपेला बुवांनी ‘अजून नाही’ म्हणून त्याला परत पाठवलं होतं, ते त्याच्या फार मनाला लागलं होतं. तो पडला इंजिनियर. या खेपेला पुरावाच घेऊन आला.

“हा माइक म्हणजे कान,” तो म्हणाला. “हा मायक्रोकंट्रोलर आवाज मोजतो. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की दिवे लागतात. मोठा आवाज, जास्त दिवे.”

बुवांनी टाळी वाजवली. अख्खी माळ उजळली.

बुवा हरखले. त्यांनी चुटकी वाजवून पाहिली, खोकून पाहिलं, मग ‘हरी’ म्हणून पाहिलं.

“हरीला चारच दिवे?”

“हळू म्हणालात, बुवा.”

“असं होय...”

सौमित्र सावरून बसला. “आता मी मौनात बसतो. एकही दिवा लागला नाही, तर दीक्षा द्यायची.”

“बस की.”

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने हळूच एक उघडला. दिवे लुकलुकत होते.

“हा मी नाही! चिमण्या आहेत.”

बोर्डावर एक बारीक स्क्रू होता. सौमित्रने तो स्क्रूड्रायव्हरने जरा फिरवला. चिमण्या चिवचिवत राहिल्या, दिवे विझले.

मग स्वयंपाकघरात भांडं पडलं. दिवे लागले. सौमित्रने चिडून स्क्रू आणखी फिरवला.

“काय करतोयस?” बुवांनी कुतूहलाने विचारलं.

“पातळी वाढवतोय. नको ते आवाज गाळले जातात.”

“नको ते कुठले, हे कोण ठरवतं?”

“मीच.”

“हं...”

सौमित्र पुन्हा बसला. या वेळी ताठ, निश्चल. माळ अंधारी राहिली.

बराच वेळ गेला. बुवांना ठसका लागला.

“सौमित्रा... जरा पाणी दे रे.”

सौमित्र हलला नाही. ही परीक्षा आहे, हे त्याने लगेच ओळखलं. मनातल्या मनात तो खूशही झाला.

बुवा भिंतीला धरून उठले. माठापर्यंत गेले, पाणी प्यायले, परत येऊन बसले.

सौमित्रने डोळे उघडले. चेहरा फुललेला.

“बघितलंत, बुवा? एकही दिवा लागला नाही!”

“नाही लागला. मी पाणी मागितलं, तेव्हाही नाही.”

“ते ऐकलं मी. पण मला वाटलं, तुम्ही...”

बुवांच्या सदऱ्यावर पाणी सांडलं होतं. सौमित्रला स्वतःची लाज वाटली.

“चुकलो, बुवा,” तो पुटपुटला. “निघतो मी.”

बुवांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, बोर्ड डोळ्यांजवळ धरला आणि स्क्रू उलटा फिरवला. फिरेल तेवढा फिरवला.

माळ नाचू लागली. चिमण्यांना लागली, भांड्यांना लागली, नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी धुणं आपटत होतं त्यालाही लागली. सौमित्रने एक उसासा टाकला, तर त्यालाही दोन दिवे.

बुवांनी माळ त्याच्यासमोर सरकवली.

“हं... आता बस मौनाला.”