आधी थेंब, मग नाच

त्या राज्यात चारचौघींना काही सांगायचं असेल, तर नाचावं लागे. राज्य एका जुन्या बेहड्याच्या जाड फांदीला लटकलेलं होतं. लांबून बघणाऱ्याला ते नुसतं पोळं दिसे. आत हजारो खोल्या होत्या, एक राणी होती आणि दिवसभर ये-जा करणाऱ्या कामकरी माश्या होत्या. पोळ्याच्या कडेला मेणाची थोडी मोकळी जागा होती, तिला अंगण म्हणत. बाहेर काही सापडलं की माशी अंगणात येऊन नाचे. तिचं तोंड जिकडे, तिकडे जायचं. तिची धाव जितकी लांब, तितकं ठिकाण लांब. घरातल्या घरात बोलणं, भांडणं, कुजबुजणं चाले, पण बातमी म्हणून जी होती ती नाचातूनच कळे.

आणि नाचायला कोणालाही मुभा होती. पाणी आणणारी नाचे, मेण लिंपणारी नाचे, दारावरची पहारेकरीणही नाचे. खरं सांगायचं तर ते जुने नाच काही फार देखणे नसत. कोणी मध्येच विसरे, कोणी वळण चुकून भिंतीवर आपटे. तरी त्यांवर विश्वास बसे, कारण तिथली रीतच तशी होती. नाचण्याआधी माशीने जीभ पुढे करायची आणि जे आणलं असेल त्याचा एक थेंब समोरच्या तिघींना चाखायला द्यायचा. जांभळाचा थेंब वेगळा, हिरड्याचा वेगळा, आणि कारवी फुलायची त्या वर्षी तर थेंब चाखून म्हाताऱ्या माश्या मुक्या होऊन बसत. जिच्या तोंडात थेंब नाही तिने गुपचूप मागे सरायचं. "आधी थेंब, मग नाच" असं तिथे लहानथोर सगळ्या म्हणत.

दुसरीही एक रीत होती. नवी माशी खोलीतून बाहेर आली की तिला मध देण्याआधी वर नेत आणि ज्या फांदीला पोळं लटकलं आहे ती फांदी चाटायला लावत. बेहड्याची फांदी ती, चव तुरट. माशीचं तोंड वाकडं होई आणि सगळ्या हसत. हीच तिची घुटी. गोड काय असतं ते नंतर कळायचं; आपण कशाला धरून आहोत ते आधी.

शेवरी ही त्या पोळ्यातली झाडणारी. केर काढायचा, मेलेल्यांना खाली लोटायचं, रिकाम्या खोल्या पुसायच्या, हे तिचं काम. आयुष्यात ती एकदाच नाचली होती. एका उन्हाळ्यात सगळे झरे आटले, पाणी आणणाऱ्या रिकाम्या परतल्या, आणि केर टाकायला गेलेल्या शेवरीला एका कातळाच्या पोटात पाझर दिसला. ती अंगणात आली. तीनदा अडखळली, एकदा तर चक्क उलट्या बाजूला धावली आणि "नाही गं, चुकलं" म्हणून परत फिरली. पण तिने दिलेला थेंब गार होता. तेवढं पुरलं. त्या दिवशी पहिल्या रांगेत मोहना नावाची नुकती उडायला लागलेली माशी होती. तिने तो थेंब चाखला होता. काय दिवस होते ते!

मग भुंगेशेठ आले. काळेभोर, गोल, बोलायला गोड. त्यांनी बेहड्याच्या बुंध्याशी पानाचा एक मोठा द्रोण मांडला आणि त्यात पाक भरला. डोंगरापलीकडच्या गुऱ्हाळातून मुंगळ्यांच्या रांगा तो पाक वाहून आणत. द्रोण कधी रिकामा होत नसे. शेठ म्हणाले, "बायांनो, कशाला रानोमाळ हिंडता? घरच्यासारखं समजा." बदल्यात त्यांनी काही मागितलं नाही. उलट अंगण खडबडीत आहे म्हणून ते घोटून गुळगुळीत करून दिलं.

थोड्या दिवसांनी ते सहज बोलून गेले, "रोज तोच द्रोण, तीच चव. थेंब द्यायचा-घ्यायचा खटाटोप कशाला? हातच्या काकणाला आरसा लागतो का?" कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. थेंब बंद झाला. मग गुळगुळीत अंगणावर हौशी माश्या घसरून पडू लागल्या, तेव्हा नाचायला ठरावीक दहाजणी नेमल्या गेल्या. द्रोण खाली, म्हणून सगळ्या नाचांची तोंडंही खाली झाली. आणि पाक इतका जवळ असताना घुटीसाठी नव्या माशीला वर नेण्याचा त्रास कोण घेणार? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे कोणाला शिकवावं लागत नाही.

त्या दहाजणींत मोहना पहिली. ती वाईट नव्हती. नाचावर तिचा जीव होता आणि ती नाचायची अशी की कामं सोडून माश्या जमायच्या. रोज दुपारी ती एकच गोष्ट शंभर तऱ्हांनी सांगे: द्रोण भरलेला आहे. राणी आतून विचारी, "आज काय खबर?" दासी सांगत, "सगळं गोड आहे, राणीसाहेब."

ज्यांना अंगण मिळेना त्या कडेकोपऱ्यांत नाचू लागल्या. त्यातल्या काही खरं सांगत, काही ऐकीव. एकीने मोहराने लदबदलेल्या आमराईचा नाच केला. चाळीसजणी तिच्या सांगण्यावरून गेल्या आणि कुठल्याशा मांडवाच्या कागदी फुलांवर डोकं आपटून परतल्या. तिनेही थेंब दिला नव्हता आणि त्यांनीही मागितला नव्हता. त्यानंतर कोपऱ्यातली कोणी नाचायला लागली की सगळ्या म्हणत, "झालं हिचं सुरू!"

एका सकाळी झाडताना शेवरीला पिवळट भुकटी दिसली. पराग असेल म्हणून तिने जिभेवर घेतली. तोंड वाकडं झालं. दुसऱ्या दिवशी भुकटी जास्त होती, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. शेवरीचे पंख एव्हाना फाटून त्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, उडणं केव्हाच संपलं होतं. ती पायीपायी वर चढली, जुन्या, रिकाम्या खोल्यांच्या कडेने, थेट फांदीपर्यंत. तिथे वर्षानुवर्षं कोणी आलं नव्हतं.

फांदीला एक गोल भोक होतं, सुबक, कोरून काढल्यासारखं. आतून कुर्र कुर्र आवाज येत होता आणि भुसा गळत होता. तिने आत डोकावलं. दालनामागे दालन, त्यामागे आणखी दालन. शेठचं सगळं गणगोत तिथे सुखाने नांदत होतं. फांदीची साल तेवढी जागच्या जागी होती.

भुंगेशेठ बाहेर आले. चिडले नाहीत. म्हणाले, "मावशी, या वयात एवढं चढलात? तुमच्यासाठी एक वेगळा द्रोण लावून देतो. झाडू खाली ठेवा आता."

"शेठ, या फांदीला आम्ही लटकलोय," शेवरी म्हणाली.

"मग मी कुठे नाही म्हणतो? मीही इथंच राहतो की. एकाच घरचे आपण."

"तुम्हांला पंख आहेत. फांदी गेली तर तुम्ही दुसरी कोराल. खोल्यांतली पोरं कुठं जातील?"

शेठ हसले आणि आत गेले. कुर्र कुर्र पुन्हा सुरू झालं.

उतरताना शेवरी अर्ध्या वाटेवर थांबली. हे सांगितलं तर पोळं उठेल, आणि पोळं उठलं तर ते तिला मागे ठेवून उठेल. चिंध्या झालेल्या पंखांनी कोणी दुसरं झाड गाठत नाही. गप्प राहिलं तर वादळवाऱ्यापर्यंतचे दिवस तरी ऊबदार होते. तिला भीती वाटली, खूप वाटली. मग बाजूच्या खोलीतली अळी कुशीवर वळल्याची हालचाल तिच्या पायांना जाणवली. तिने वाटेतला भुसा तोंडात घेऊन भिजवला आणि ती उतरू लागली.

अंगणात मोहनाचा दुपारचा नाच रंगला होता. शेवरी सरळ मधोमध गेली, तोंड वर केलं आणि जागच्या जागी थरथरत उभी राहिली. नाच म्हणावा असं त्यात काही नव्हतं. धावच नव्हती.

"मावशी, किती लांब ते तरी सांगा!" मागून कोणी ओरडली आणि हशा पिकला. "वर काय आहे मावशी, आमराई?"

"मावशी, बाजूला व्हा हं. घसराल," मोहना हळूच म्हणाली.

शेवरीने जीभ पुढे केली.

हे काय चाललं आहे ते बऱ्याचजणींना कळलंच नाही. त्यांनी थेंब देताना कधी कोणाला पाहिलं नव्हतं. मोहनाला मात्र आठवत होतं, आणि वडीलधारीने पुढे केलेला थेंब नाकारायचा नसतो हेही आठवत होतं. तिने चाखला. काहीच लागलं नाही. पाकाने तिची जीभ मेली होती. ती तसं सांगणार होती, पण शेवरीने जीभ मागे घेतली नव्हती. मोहनाने पुन्हा चाखला. तिसऱ्यांदा तिचं तोंड वाकडं झालं.

गुळगुळीत अंगणात ती तशीच उभी राहिली. मग तिने मान वर केली. हसणाऱ्या माश्या हळूहळू थांबल्या, कारण मोहना वर बघते आहे हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ती वळली आणि शेजारणीपुढे तिने जीभ काढली. शेजारणीने पुढचीला दिलं. ज्यांनी घुटी घेतली होती त्यांना कळलं. ज्यांनी घेतली नव्हती त्यांना कळलेल्यांचे चेहरे दिसले. काहीजणी वर चढून स्वतः भोक बघून आल्या. राणीने विचारलं, "आज काय खबर?"

"तुरट आहे, राणीसाहेब," दासी म्हणाली.

पिलं खोल्यांतून निघेपर्यंत त्या थांबल्या आणि मग पोळं उठलं. साठवलेला सगळा मध मागे राहिला. मोहना शेवटी निघाली. "मावशी, चला ना," ती म्हणाली. आपण काय बोललो ते कळून तिला लाज वाटली.

"तुम्ही व्हा पुढं," शेवरी म्हणाली. "मी एवढं झाडून घेते."

दोन टेकड्यांपलीकडे एका हिरड्यावर त्या बसल्या. पहिले दिवस फार वाईट गेले. मेण नाही, मध नाही, जुन्या खोल्यांची सारखी आठवण. आणि चौथ्या दिवशी हिरड्याच्या बुंध्याशी भुंगेशेठ हजर, द्रोणासकट. "कोणीतरी तुम्हांला घाबरवलं बघा," ते कळवळून म्हणाले. "फांदी जिथल्या तिथे आहे. तुमचा मध तुमची वाट बघतोय. परत चला." आदल्या रात्री वादळवारा झाला होता, तरी शेठ इतक्या मायेने सांगत होते की निम्म्याअधिक माश्यांच्या पंखांना परतीची ओढ लागली. कोपऱ्याकोपऱ्यांत नाच सुरू झाले. एक म्हणे फांदी आहे, दुसरी म्हणे नाही.

द्रोणापलीकडे मोहना कित्येक दिवसांत उडाली नव्हती. ती एकटीच निघाली, दोनदा वाटेत दमून बसली, आणि दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी परतली. एक पंख कडेला फाटलेला होता. तिला पाहताच सगळ्या जमल्या. नवं मेण अजून ओलं होतं, अंगण म्हणावं एवढी जागाही नव्हती, तरी त्यांनी दाटीवाटीने तिच्यासाठी जागा केली. मोहनाचा नाच! शेठही मान उंचावून बघू लागले.

मोहना नाचली नाही. ती मधोमध येऊन थांबली आणि तिने जीभ पुढे केली.

पहिल्या माशीने चाखलं. आधी मध लागला, जुना, कारवीचा. मग भुसा. आणि सगळ्यांत शेवटी, जिभेवर बराच वेळ रेंगाळत राहिली ती माती.

ती बाजूला झाली आणि मागचीला तिने पुढे येऊ दिलं. खालून पाकाचा वास येत होता. एक-दोघी तिकडे वळल्याही. बाकीच्या रांगेत उभ्या राहिल्या, एकेक करून जीभ काढत, आणि आपली पाळी येण्याआधी कोणीच विचारलं नाही की झाडणारीचं काय झालं.