बोंडूच्या आईची लोकर

उंच उंच डोंगर. डोंगरावर धुकं. धुक्यात एक गाव. गावात हौसामावशीचं घर.

हौसामावशी ससे पाळायची. साधेसुधे नाहीत हं! अंगोरा ससे. लोकरीचे ससे. मावशी त्यांची लोकर काढायची, सूत काढायची आणि विणत बसायची.

तिथेच राहायची बोंडूची आई. आणि तिथेच राहायचा बोंडू. बोंडू केवढा? एवढास्सा! पांढरा पांढरा, गोल गोल. डोळे कुठे आणि शेपूट कुठे, पटकन कळायचंच नाही.

एक दिवस मावशीनं बोंडूच्या आईला मांडीवर घेतलं. फणी फिरवली, सर्र सर्र. कात्री चालवली, कच कच. टोपली भरली काठोकाठ. मग मावशीनं आईच्या पोटावरून हात फिरवला. आणि मावशी दचकलीच!

"अगं बया! हिच्या पोटात तर पिल्लं हाईत! आन् मी येडी, लोकर कातरून बसले!"

मावशी का बरं दचकली? सांगते. सशाची पिल्लं जन्मतात ना, तेव्हा त्यांच्या अंगावर केस नसतात. डोळे मिटलेले असतात. मग त्यांची आई काय करते? आपल्याच अंगाची लोकर उपटते आणि बिछाना करते. पिल्लांना आईच्याच वासाची लोकर लागते. दुसऱ्या कुणाची चालत नाही.

"नको घाबरू गं बाय," मावशी म्हणाली. "तुझी लोकर तुलाच देते. आधी तुझ्या निजायच्या पेटीत गवत घालू, मग वर लोकर."

मावशीनं टोपली ओट्यावर ठेवली. ती गवत आणायला गेली.

तेवढ्यात आला वारा. फूऽऽऽ! लोकर उडाली. सगळीच्या सगळी उडाली!

"बोंडू, माझी लोकर!" आई म्हणाली. "पिल्लं आज येणार रे. उघड्यावर कुडकुडतील."

"आई, तू बस. मी आणतो," बोंडू म्हणाला.

आणि बोंडू निघाला. टुण टुण टुणुक!

लोकर कुठे होती? करवंदीच्या जाळीत अडकली होती. प्रत्येक काट्यावर थोडी थोडी.

बोंडू म्हणाला,
"जाळीबाई, जाळीबाई, लोकर दे.
लोकर मिळाली की आई बिछाना करील.
बिछाना झाला की पिल्लं झोपतील उबेत!"

जाळी म्हणाली, "देते की रे. पण माझे काटे वाळलेत. ओढलीस तर लोकर तुटेल. आधी मला पाणी हवं."

बोंडू गेला झऱ्याकडे. टुण टुण टुणुक!

"झरेबुवा, झरेबुवा, पाणी द्या.
पाणी मिळालं की जाळी लोकर देईल.
लोकर मिळाली की आई बिछाना करील.
बिछाना झाला की पिल्लं झोपतील उबेत!"

झरा म्हणाला, "देतो की रे. पण माझ्या वाटेत पाला साचलाय. आधी पाला खायला कुणीतरी हवं."

बोंडू म्हणाला, "एवढंच ना? मीच खातो!" त्यानं एक पान खाल्लं. दुसरं पान खाल्लं. तिसरं पान खाल्लं. झालं! पोट भरलं. पाला होता तेवढाच.

बोंडू गेला शेळीकडे. पोट भरलेलं ना, म्हणून हळूहळू. टुण... टुण... टुणुक!

"शेळीताई, शेळीताई, पाला खा.
पाला खाल्ला की झरा पाणी देईल.
पाणी मिळालं की जाळी लोकर देईल.
लोकर मिळाली की आई बिछाना करील.
बिछाना झाला की पिल्लं झोपतील उबेत!"

शेळी म्हणाली, "मेंऽऽ! खाते की रे. मला कधी नको असतं? पण मी बांधलेली आहे. आधी ही गाठ सुटायला हवी."

शेळी कुणाची? बयाजीबाबांची. बयाजीबाबा अंगणात बसले होते. मुंडासं कानावर, घोंगडी खांद्यावर, हात काखेत.

बोंडू गेला बाबांकडे. टुण टुण टुणुक!

"बाबा, बाबा, गाठ सोडा.
गाठ सुटली की शेळी पाला खाईल.
पाला खाल्ला की झरा पाणी देईल.
पाणी मिळालं की जाळी लोकर देईल.
लोकर मिळाली की आई बिछाना करील.
बिछाना झाला की पिल्लं झोपतील उबेत!"

बाबा म्हणाले, "सोडतो की रं बोंड्या. पर माझी बोटं बघ, पार गारठली. गाठ कशी सुटंल? आधी मला हातमोजं हवं."

हातमोजे कोण विणतं? मावशीच्या सुया! मावशी अजून गवत शोधत होती. सुया ओट्यावर पडल्या होत्या, गळ्यात गळा घालून.

बोंडू परत घरी आला. टुण टुण टुणुक!

"सुयांनो, सुयांनो, मोजे विणा.
मोजे झाले की बाबा गाठ सोडतील.
गाठ सुटली की शेळी पाला खाईल.
पाला खाल्ला की झरा पाणी देईल.
पाणी मिळालं की जाळी लोकर देईल.
लोकर मिळाली की आई बिछाना करील.
बिछाना झाला की पिल्लं झोपतील उबेत!"

सुया म्हणाल्या, "टिक टिक! विणतो की रे. पण विणायचं कशानं? आधी आम्हाला सूत हवं."

सूत कोण काढतं? टकळी! ती शेजारीच खुंटीला लटकत होती. बोंडूनं मान वर केली. आणखी वर केली. मागेच पडला, धप्प! उठला आणि म्हणाला,

"टकळे, टकळे, सूत काढ.
सूत निघालं की सुया मोजे विणतील.
मोजे झाले की बाबा गाठ सोडतील.
गाठ सुटली की शेळी पाला खाईल.
पाला खाल्ला की झरा पाणी देईल.
पाणी मिळालं की जाळी लोकर देईल.
लोकर मिळाली की आई बिछाना करील.
बिछाना झाला की पिल्लं झोपतील उबेत!"

टकळी म्हणाली, "भिर्र भिर्र! काढते की रे. पण सूत काढायचं कशाचं? आधी मला लोकर हवी."

लोकर! आता आली का पंचाईत?

बोंडूनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. टोपलीत पाहिलं. टोपली रिकामी. मग बोंडूनं स्वतःकडे पाहिलं.

कानावर लोकर. पायावर लोकर. पाठीवर लोकर. पोटावर लोकर. बोंडू म्हणजे चार पायांची लोकरच की!

पण बोंडूची लोकर अजून कधी कुणी काढली नव्हती. बोंडू फणीला घाबरायचा. फणी दिसली की पळायचा. कात्रीला तर त्याहून घाबरायचा. हसू नका हं! नखं कापताना आपण किती ओरडतो?

पेटीतून आईचा आवाज आला. "बोंडू, मिळाली का रे लोकर? पिल्लं आता येतीलच."

बोंडूनं एक मोठा श्वास घेतला. मावशी गवत घेऊन आली आणि ओट्यावर टेकली. बोंडू तिच्याकडे गेला आणि उडी मारून मांडीवर बसला. डोळे घट्ट मिटले, कान खाली पाडले.

"मावशी, मावशी, माझी लोकर काढ.
माझी लोकर निघाली की टकळी सूत काढील.
सूत निघालं की सुया मोजे विणतील.
मोजे झाले की बाबा गाठ सोडतील.
गाठ सुटली की शेळी पाला खाईल.
पाला खाल्ला की झरा पाणी देईल.
पाणी मिळालं की जाळी लोकर देईल.
लोकर मिळाली की आई बिछाना करील.
बिछाना झाला की पिल्लं झोपतील उबेत!"

मावशी म्हणाली का, "आधी अमुक हवं, आधी तमुक हवं"? छे! मावशीनं त्याला पोटाशी धरलं. "माझं गुणाचं बाळ गं ते! आपल्या पायानं आलंय," ती म्हणाली. "हळूच काढते हं राजा. दुखलं तर सांग."

सर्र सर्र फणी फिरली. बोंडूला गुदगुल्या झाल्या.
कच कच कात्री चालली. बोंडूला जांभई आली. दुखलं? मुळीच नाही!

मग काय!

मावशीनं टकळीला लोकर दिली.
टकळी फिरली, भिर्र भिर्र. लांब लांब सूत निघालं.
सुया चालल्या, टिक टिक. हातमोजे झाले. गोष्टीत मोजे भराभर होतात. घरी वेळ लागतो.

बोंडूनं मोजे तोंडात धरले आणि धावला. टुण टुण टुणुक!

बाबांनी मोजे घातले. "आहाहा! काय गरम हाईत रं!" बाबांची बोटं हलली. एक बोट, दोन बोटं, सगळी बोटं. मग बाबांनी मोजे काढून ठेवले आणि गाठ सोडली.

शेळी धावली. पाला खाल्ला, करम करम. सगळा खाल्ला. मग तिनं बोंडूकडे पाहिलं.
"मी पाला नाही!" बोंडू म्हणाला आणि लांब जाऊन बसला.

झरा सुटला, खळ खळ खळ. वळत वळत जाळीपाशी आला.

जाळी पाणी प्यायली, गुट गुट गुट. आणखी प्यायली. आणखी थोडं प्यायली. काटे नरम झाले.
"घे रे बाळा तुझ्या आईची लोकर," जाळी म्हणाली. आणि एकेक काटा सैल झाला. अलगद, अलगद. लोकर जराही तुटली नाही!

मावशी टोपली घेऊन मागे उभीच होती. तिनं सगळी लोकर गोळा केली. टोपली या वेळी पदराखाली झाकली. वाऱ्याचा काय भरवसा!

पेटीत गवत घातलं. गवतावर लोकर ठेवली. आईनं लोकर हुंगली. "माझीच आहे," ती म्हणाली. तिनं तोंडानं लोकर पसरली, पायानं सारखी केली. मधे एक खळगा केला. झाला बिछाना!

आणि पिल्लं आली. एक गुलाबी पिल्लू. दुसरं गुलाबी पिल्लू. आणि मग कितीतरी गुलाबी पिल्लं! डोळे मिटलेली, अंगठ्याएवढी. ती लोकरीत शिरली आणि झोपलीसुद्धा. उबेत, अगदी उबेत!

बोंडू पेटीच्या कडेवरून बघत होता. त्याच्या अंगावर आता लोकर नव्हती. त्याला थंडी वाजत होती. पण पिल्लांवरून त्याची नजर हलेना.

"आई," तो हळूच म्हणाला, "ही कोण?"

"तुझे भाऊ, तुझ्या बहिणी," आई म्हणाली. "आणि तू त्यांचा दादा."

दादा! बोंडू एकदम ताठ बसला. दादासारखा बसला. आणि मग शिंकला. आँऽऽछी!

आई हसली. ती बिछान्यातून बाहेर आली आणि बोंडूशेजारी आडवी झाली.

"पिल्लांना लोकर पुरे," ती म्हणाली. "तू ये माझ्या कुशीत."

"दादा झाल्यावर पण?"

"दादा झाल्यावर पण."

बोंडू कुशीत शिरला. पिल्लं निजली. दादा निजला. आणि दादाला थोपटता थोपटता आईपण निजली.