हुद्देदार साहेबांना फट खपत नाही

गॅसवर वीज करणाऱ्या एका कारखान्यात गेनू मिस्त्री होते. टर्बाइनचा भलामोठा रोटर फिरताना पुढेमागे सरकू नये म्हणून त्याला तेलाच्या बेअरिंगनं अडवतात. ते बेअरिंग बसवण्यात मिस्त्रींचा हात धरणारा कुणी नव्हता.

एकदा नवे हुद्देदार साहेब आले आणि त्यातली केसभर फट बघून कडाडले, "फट म्हणजे ढिलाई! बुजवा ती, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

बुजवावी तर रोटर अडकणार, ठेवावी तर नोकरी जाणार. मिस्त्री सावकाश म्हणाले, "आधी जेवून घेऊ, साहेब."

कॅन्टीनमध्ये त्यांनी साहेबांना भिंतीला टेकवून बसवलं आणि जडशीळ लोखंडी टेबल थेट पोटाला भिडवलं. "फट नाही ना राहिली?"

"अजिबात नाही. शाबास!"

मग पुरी-बासुंदी आली. नवव्या पुरीला साहेब लालबुंद झाले. "अहो मिस्त्री, टेबल मागं घ्या! जीव गुदमरला!"

"साहेब, तुम्ही नऊ पुऱ्यांनी एवढे फुगलात. रोटर तर तापून लांबतो, शिवाय मधे तेलालाही जागा लागते. त्या बिचाऱ्यानं जावं कुठं?"

"ठेवा हो फट! हवी तेवढी ठेवा!"

"तेवढं कागदावर लिहून द्या," मिस्त्री म्हणाले. "टेबल आहेच पुढ्यात."