भैरोबाच्या देवळातली रिकामी खुंटी

भैरवपठारावर देऊळ बघायला येणारे लोक आधी सभामंडपातल्या खांबांचं कौतुक करतात, मग दरीच्या कडेला उभं राहून फोटो काढतात, आणि निघता निघता कुणाला तरी ती खुंटी दिसते. डावीकडच्या तिसऱ्या खांबाला, खांद्याच्या उंचीवर, सागाची जुनी खुंटी आहे. बाकीच्या खुंट्यांवर घंटा, कंदील, नवसाचे पाळणे दाटीवाटीनं लटकतात. हिच्यावर काही नाही.

खाली शिंपीआळीत कोट शिवायला टाकणाऱ्याला दुसरं नवल भेटतं. पहिल्या ट्रायलला कोटाची एकच बाही टाचून बघायची, ही साहेबाकडून आलेली रीत. एका बाहीवर मुंढ्याचा, म्हणजे खांद्याशी बाही जोडतात त्या घेराचा, अंदाज आला की दुसरी लावायला वेळ लागत नाही. या आळीत मात्र दोन्ही बाह्या टाचतील, नाहीतर एकही टाचणार नाहीत. गिऱ्हाईक घाई करो की डोळे वटारो, ते ऐकायचे नाहीत. खुंटीची आणि बाहीची गोष्ट एकच आहे, असं देवळाचे गुरव सांगतात.

पठारावर गोऱ्या पलटणीची छावणी होती तेव्हाची ही गोष्ट. आळीत निवृत्ती बोत्रे नावाचे मास्तर होते. साहेब लोकांचे ट्वीडचे शिकारी कोट शिवावेत ते त्यांनीच. विलायतेहून येणारं ते जाडंभरडं लोकरी कापड मास्तर आधी ओल्या चादरीत गुंडाळून ठेवत, सावलीत वाळवत, आणि त्याचं आटणं संपलं की मगच कात्री लावत. ओलं झालं की त्याला धुराचा आणि मेंढरांचा वास येई. त्या वासानं आपल्याला भूक लागते, असं मास्तर म्हणत म्हणे. हात सोन्याचे होते, पण हट्टही तसाच होता.

वीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. ज्या साहेबाची ट्रायल झाली, तो कोट न्यायला परत आलाच. कुणी तापानं फणफणला, कुणाला रानात अस्वलानं गाठलं, तरी आला. अर्धा कोट माणसाला ओढून आणतो, हे मास्तरांच्या डोक्यात पक्कं बसलं. आधी ते हे थट्टेनं सांगत. पुढं थट्टा गेली आणि विश्वास तेवढा उरला.

त्यांना सोपान नावाचा एकुलता एक मुलगा. तोही शिंपीच, आणि काजं करण्यात बापाच्या वरताण. मोठी लढाई सुरू झाली तेव्हा पलटणीबरोबर शिंपीही हवे होते. सोपानचं नाव लागलं आणि इराकातल्या बसऱ्याला जायचा हुकूम आला. हातात आठ दिवस होते.

मायदेशी निघालेल्या एका साहेबानं मास्तरांना ट्वीडचा एक तुकडा दिला होता, वाळल्या गवताच्या रंगाचा. तो त्यांनी सोपानसाठी कापला. शिंप्याच्या पोराच्या अंगावर ट्वीड, म्हणून आळी हसली. सोपानही हसला. “आबा, ह्यो घालून शिकारीला जाऊ का काजं करू?”

निघायच्या आदल्या दिवशी ट्रायल झाली. उजवी बाही लावलेली, डावी नुसती कापून ठेवलेली. दोन तासांचं काम राहिलं होतं.

“लावून द्या की आबा,” सोपान म्हणाला. “तिकडं थंडी लई असती म्हणं.”

मास्तरांनी कोट त्याच्या अंगावरून उतरवला. “आल्यावर लावीन.”

दुसऱ्या दिवशी पोराला घाटाखाली पोहोचवून ते तडक देवळात आले. कोट त्या खुंटीला टांगला, डावी बाही घडी करून त्याच्याच खिशात ठेवली आणि भैरोबाला बोलले, “नाथा, माझा सोपान परत आला की तुझ्या दारात बसून ही बाही लावीन. तोवर सुईला हात लावणार नाही.” आणि खरंच, त्यांनी दुकानाला कुलूप घातलं.

दर रविवारी ते येत, कोट झटकत, कसर लागू नये म्हणून खिशात कडुलिंबाचा ताजा पाला घालत. सोपानची आई गोदूबाई एकदाच देवळात आली. खांबाशी उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. “अवं, लेकराला असं थोटं टांगू नगा. लावा ती बाही. कोट पुरा असला म्हणून काय त्यो यायचा न्हाई?”

मास्तर म्हणाले, “तुला यातलं कळत नाही.”

तिला सगळं कळलं होतं. पण आपल्याकडे बायकांचं कळणं खरं ठरल्यावरच मोजतात.

अडीच वर्षांनी सोपान आला. घाटाच्या तोंडाशी पोरांनी आरोळी दिली आणि मास्तर अनवाणी धावले. पोरगा चढ चढून येत होता, वाळलेला, दाढी वाढलेला. डाव्या खांद्यापासून खाली सदरा नुसताच फडफडत होता. तंबूत बसून कुणाच्या तरी डगल्याला बटण लावत असताना तोफेचा गोळा पडला होता. हात गेला तो थेट मुंढ्यापासून.

नवस तर फेडायलाच हवा. रविवारी मास्तर देवाच्या दारात बसले आणि अडीच वर्षांनी सुई ओवली. कोट सरकू नये म्हणून सोपान समोर बसून उजव्या हातानं धरून राहिला. बरंच झाल्यावर त्यानं विचारलं, “आबा, देवाकडं काय मागितलं व्हतं?”

“तू परत यावास.”

“एवढंच?”

मास्तरांनी पुढचा टाका घातला. गुरव सांगतात, ती बाही इतकी सुरेख बसली की तिच्यावर एक सुरकुती नव्हती. सुरकुती पडायला आत काही लागतं.

दुकानाचं कुलूप निघालं आणि सोपान तिथं बसू लागला. शिंप्याचा डावा हात कापड धरतो, फिरवतो, ताण देतो; उजवा नुसती सुई चालवतो. एका हातानं त्याला साधं काज जमेना. दोन हिवाळे त्यानं तसेच काढले. मग एका सकाळी तो ट्वीडचा कोट घालून घाट उतरला. गोदूबाईनं हाका मारल्या, त्यानं मागं पाहिलं नाही. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

मास्तरांनी वाट पाहिली, पण त्यांना स्वतःलाच आशा नव्हती. कोट पुरा झाला होता. सोपानला ओढून आणायला आता काही उरलं नव्हतं.

वर्षभरानं ते हातात सोपानच्या मापाचा नवा अर्धा कोट घेऊन देवळात आले, असं सांगतात. एकच बाही लावलेला. टांगला तर पोरगा येईलही, पण या खेपेला काय देऊन येईल? ते खुंटीसमोर उभे राहिले. सांजवातीला कोट काखेत घेऊन परत गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले, पुन्हा तसेच गेले. मरेपर्यंत त्यांचा एक रविवार चुकला नाही, आणि कोट एकदाही खुंटीवर गेला नाही.

आजही शिंपीआळीत एका बाहीवर ट्रायल होत नाही. आजही देवळात एखादा पाहुणा दमून येतो आणि मोकळी दिसली म्हणून त्या खुंटीला आपली पिशवी अडकवतो. गुरव रागावत नाहीत. पिशवी उतरवून त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, “इथं काही टांगू नका. मास्तरांचं अजून ठरलेलं नाही.”